गाळणी धुतली जाते काय?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोव्याच्या नद्या तांबड्या होतात, आणि नळाला गढूळ पाणी आल्याच्या तक्रारी आमच्याकडे येऊ लागतात. दोष पावसाला दिला जातो. पाणी निवळले की तक्रारही निवळते. परंतु पाऊस दरवर्षी येतो, त्याला अवचित संकट म्हणता येणार नाही. तेव्हा जाब नदीला नव्हे, गाळणीला विचारला पाहिजे.

शुद्धीकरण केंद्रात पाणी प्रथम तुरटीने निवळवितात, मग वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन घालतात. हा थर साधारणतः ६० ते ७५ सेंटिमीटर जाडीचा आणि त्यातील कण सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कणांच्या फटींत गाळ अडकत जातो. म्हणून खालून वर उलटे पाणी, आणि बहुधा हवाही, सोडून वाळू वेळोवेळी धुवावी लागते. या धुण्यात काटकसर झाली तर वाळूत चिखलाचे गोळे बनतात, थराला भेगा पडतात आणि पाणी वाळूला चुकवून तसेच खाली उतरते. अशा गढूळ पाण्यात गाळाच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासूनही बचावतात.

या हयगयीची किंमत काय असते, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. एल्ब नदीचे पाणी तेथे न गाळताच पुरविले जात असे. शेजारचे अल्टोना गाव त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या मैल्यानंतरचे पाणी पीत होते. तथापि ते वाळूतून गाळलेले असल्याने गाव बहुतांशी बचावले. पुढच्याच हिवाळ्यात मात्र साफसफाईच्या वेळी तेथील एक गाळणी गोठून बिघडली आणि पटकी अल्टोनातही शिरली. गाळणी असणे पुरेसे नाही, ती ठीक चालली पाहिजे, हा त्यातला धडा होय.

धुता धुता वाळू वाहून जाते, थर उणा होतो. तेव्हा भर घालावी लागते आणि कालांतराने सारी वाळू बदलावी लागते. ती गारगोटीची, कठीण व चाळून घेतलेली हवी. शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेली आमच्या किनाऱ्यावरची वाळू या कामी निरुपयोगी, कारण त्यातील चुना पाण्यात झिजतो. हे काम एकेक गाळणी बंद ठेवून, पावसाळ्यापूर्वीच उरकावे लागते.

नव्या प्रकल्पाची कोनशिला बसविण्यास मंत्री येतात; जुनी वाळू उपसण्याचा समारंभ होत नाही, म्हणून ते काम मागे पडते. गोव्यात पाणीपुरवठा नगरपालिकांकडे नसून राज्य शासनाकडे आहे. तेव्हा शासनाने ओपा, अस्नोडा, साळावली अशा प्रत्येक केंद्रातील गाळणीगणिक वाळूची खोली, ती बदलल्याची तारीख आणि गाळलेल्या पाण्याचा रोजचा गढूळपणा जनतेपुढे ठेवावा. भारतीय मानकानुसार गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एकक, आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ एकक आहे. हा आकडा नागरिकाला का कळू नये?

आमच्या घरांतून हंड्याच्या तोंडाशी चौपदरी फडके बांधून पाणी गाळीत. ते फडके रोज धुऊन उन्हात वाळविले जाई आणि विरले की बदलले जाई. घरच्या गृहिणीला जे न सांगता कळत होते, तेवढे शासनाने करावे, एवढीच आमची मागणी आहे.