धावपळीचा आठवडा आणि रविवारचा डोंगर

पुण्यात घर आणि मुंबईत कचेरी असलेल्या माणसाचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. सकाळी सव्वासातला पुणे सोडणारी डेक्कन क्वीन १९२ किलोमीटर कापून साडेदहाच्या सुमारास मुंबईत येते आणि रात्री साडेआठच्या आसपास परत पुण्याला पोहोचते. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीत पासधारकांच्या कितीतरी पिढ्यांनी आपली झोप वाटून घेतली आहे. ज्या घरात एकाची अशी रोजची ये-जा आहे, दुसऱ्याचा कामानिमित्त बंगळुरू-दिल्ली दौरा चालू आहे आणि मुलांची शाळा व शिकवण्या आहेत, त्या घराला एकत्र भेटायला शनिवार-रविवारच उरतो. तो वेळ सह्याद्रीत घालवणारी कुटुंबं आता खूप दिसतात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त कोणता डोंगर चढायचा, हे ठरवताना त्याची उंची पाहिली जाते तशी मागच्या पाच दिवसांची दमणूकही पाहिली जायला हवी.

मुंबई-पुण्याकडच्या ट्रेकचा रूढ बेत असा असतो: शुक्रवारी कचेरीतून घरी यायचं, जेवायचं, रात्री गाडी काढायची, पहाटे पायथ्याला पोहोचायचं आणि सूर्योदयाला माथा गाठायचा. तरुणांच्या गटाला हे जमून जातं. मुलांसकट निघालेल्या कुटुंबासाठी मात्र यातला सर्वांत धोक्याचा टप्पा डोंगरावर नसून रस्त्यावर असतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी चालवतो तेव्हा तो सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की इतक्या जागरणानंतर हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो. भारतात वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभर न पिताही तो चालक त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि घाटातली अवघड वळणं तर अजून पुढेच असतात.

कळसूबाईचं उदाहरण घेता येईल. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर अकोले तालुक्यात आहे आणि नेहमीची वाट बारी गावातून वर जाते. मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटीमार्गे हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. शुक्रवारी पोटभर झोपून शनिवारी सकाळी निघालं, तर दुपारी बारीत किंवा भंडारदऱ्याला पोहोचता येतं. गावातल्या घरी मुक्काम करावा, रात्री पिठलं-भाकरी खावी, रविवारी फटफटताना चढायला लागावं. ऊन तापायच्या आत माथा होतो, दुपारी जेवून गाडी दिवसाउजेडी घराकडे वळते. गावातल्या माणसांना चार पैसे मिळतात, हाही या बेताचा मोठा फायदा.

चढाईच्या वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हे गणित तयारीच्या माणसाचं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यात विश्रांतीची भर घालावी लागते. बारीहून माथ्यापर्यंत साधारण तीन-चार तास धरलेले बरे. चाल नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याची असते आणि परत फिरायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी.

वाटेत कातळावर लोखंडी शिड्या आहेत. चढताना मूल पुढे आणि मोठं माणूस लगेच खालच्या पायऱ्यांवर असावं. उतरताना मोठ्याने आधी खाली जावं आणि मुलाने शिडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून यावं. गर्दीच्या दिवशी मागून घाई होते, तरीही हा क्रम मोडू नये. माथ्यावर मुंबईपेक्षा सरासरी दहा अंश थंडी असते आणि वाऱ्यात घामेजलेलं मूल पटकन गारठतं, म्हणून कोरडा सदरा आणि जाकीट प्रत्येकाच्या पाठीवर हवं.

ज्या आठवड्यात प्रवास फारच झाला, त्या आठवड्यात गाडी घरी ठेवून लोकल पकडावी. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे गाव आणि तिथली लेणी पाहून लोहगडाला जाता येतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे. चार दरवाजांची वळणदार वाट आणि विंचूकाटा माची पाहून संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. शिवाय लोकलमध्ये डुलकी लागली तरी कुणाच्या जिवाला घोर नसतो.

पावसाळ्यात एका गोष्टीत तडजोड नको. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाणी फारसं मुरू देत नाही. वर पडलेली सर काही मिनिटांत ओढ्यात उतरते आणि खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यावरचा खडक फोटोसाठी कितीही सुरेख वाटला, तरी मुलांना घेऊन तिथे उभं राहू नये. पाणी गढूळ झालं किंवा त्यात पालापाचोळा वाहू लागला, की ताबडतोब काठ गाठून उंचावर जावं.

उतरणीचा हिशेब सोमवारी चुकता होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांत बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवतं. म्हणजे मोठ्या चढाईनंतरच्या सोमवार-मंगळवारी स्टेशनचा जिनाही अवघड जातो. त्या दोन दिवसांत पहाटेची गाडी किंवा विमान गाठायचं असेल, तर त्या रविवारी छोटा गड निवडावा आणि कळसूबाई जोडून सुट्टी येईल तेव्हासाठी ठेवावी.