न आलेले उत्तर म्हणजे शून्य नव्हे

दाखले, परीक्षांचे निकाल, देयके यांसंबंधीची अनेक कामे आता मोबाइल ॲपद्वारे होऊ लागली आहेत. त्यामुळे नागरिकांचे हेलपाटे वाचतात. तथापि, पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट सर्व्हरकडून आलेली असतेच असे नाही. माहिती केव्हा येते व ॲपने तिचा उपयोग केव्हा करावा, हे ॲप तयार करणाऱ्यांनी आणि ते करवून घेणाऱ्या कार्यालयांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

ॲपला लागणारी माहिती बहुधा दूरच्या सर्व्हरवर असते. मागणी गेल्यापासून उत्तर येईपर्यंत कधी क्षणभर, तर नेटवर्क क्षीण असलेल्या गावी कित्येक सेकंद जातात. तेवढा वेळ ॲप खोळंबून राहिले तर पडदा गोठल्यासारखा होतो. अँड्रॉइड प्रणालीत बोटाच्या स्पर्शास ५ सेकंद प्रतिसाद न मिळाल्यास ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. म्हणूनच २०११ सालच्या अँड्रॉइड ३.० पासून, पडदा सांभाळणाऱ्या मुख्य कार्यप्रवाहातून नेटवर्कवर मागणी करण्यास मज्जाव करण्यात आला.

यावरील तोड म्हणजे कॉलबॅक. पंचायतीने मामलेदार कार्यालयास पत्र धाडले म्हणजे कारकून हातावर हात ठेवून उत्तराची वाट पाहत बसत नाही. उत्तर आल्यावर काय करावयाचे याची टीप तो नस्तीला लावतो व पुढील कामास लागतो. कॉलबॅक ही अशीच टीप होय. या कार्यपद्धतीस असमकालिक असे म्हणतात.

नवशिक्याची चूक येथेच होते. समजा, निकालाच्या ॲपमध्ये दोन सूचना आहेत. पहिली अशी: आसन क्रमांक पाठवून गुण मागवावेत आणि उत्तर येताच ते ‘गुण’ या चलात ठेवावेत. दुसरी अशी: ‘गुण’ पडद्यावर दाखवावेत. वाचताना क्रम निर्दोष वाटतो. परंतु पहिली सूचना केवळ मागणी पाठवून मोकळी होते व दुसरी तत्क्षणी पार पडते. तेव्हा चलात आरंभीचे शून्यच असते. उत्तीर्ण झालेल्या मुलास शून्य गुण दिसतात! खरे गुण मागाहून येतात, पण ते दाखविणारी सूचना तोवर होऊन गेलेली असते.

उपाय सोपा आहे. माहितीवर अवलंबून असलेले प्रत्येक काम कॉलबॅकच्या आत ठेवावे, अथवा तेथून सुरू करावे. शिवाय ‘माहिती येत आहे’, ‘माहिती आली’ व ‘माहिती मिळू शकली नाही’ या तीन अवस्था पडद्यावर स्पष्टपणे वेगळ्या दाखवाव्यात. तसेच, एकामागून एक दोन क्रमांक विचारले असता पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नंतर येऊ शकते. म्हणून आलेले उत्तर शेवटी विचारलेल्या क्रमांकाचेच आहे ना, हेही तपासावे.

जावास्क्रिप्टमध्ये २०१७ साली, कॉटलिनमध्ये २०१८ साली आणि स्विफ्टमध्ये २०२१ साली अशा सूचना सरळ क्रमाने लिहिण्याची सोय प्रमाणित झाली. तीमुळे लेखन सुटसुटीत झाले. प्रतीक्षा मात्र टळली नाही.

नागरिकांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पैसे भरताना व्यवहार प्रलंबित असल्याचे दिसल्यास लगेच पुन्हा बटण दाबू नये. उत्तर यावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. पहिली रक्कम पोचलेलीही असू शकते. प्रथम व्यवहाराची स्थिती पाहावी.

कार्यालयांनी नवे ॲप स्वीकारण्यापूर्वी ते मंद नेटवर्कवर व नेटवर्क बंद करूनही चालवून पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून उत्तरास मुद्दाम विलंब लावून हाच प्रयोग करवून घ्यावा. जी माहिती अद्याप हाती आलेली नाही, तिच्याविषयी ॲपने काहीच ठाम सांगू नये, हे त्यातून मुलांच्या मनावर ठसेल.