बीसीजीचा फोड आणि शरीराचे पहारेकरी

बीसीजी टोचल्यावर काही आठवड्यांनी बाळाच्या डाव्या दंडावर फोड येतो. वालचंदनगर असो की इंदापूर, आई घाबरतेच. पण तो फोड म्हणजे शरीराचे पहारेकरी जागे झाल्याची खूण आहे.

या पहारेकरी पेशी जन्मापासूनच आपल्यात असतात. परका जंतू ओळखण्याची एक खूण त्यांना डीएनएत सापडते. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची माळ. 'सी'पुढे 'जी' ही जोडी जंतूंत बरीच आणि उघडी असते. माणसात ती कमी आणि बहुधा झाकलेली असते. उघडी जोडी दिसली की पेशी सावध होतात. उलट, आपल्या गुणसूत्रांच्या टोकांवरची 'टीटीएजीजीजी' ही अक्षरे त्यांना शांत करतात.

१९८४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना बीसीजीच्या जंतूच्या डीएनएतच हा जागवण्याचा गुण दिसला. २०२२ मध्ये १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोर्बेव्हॅक्स लसीतही अशीच कृत्रिम 'सी-जी' साखळी होती.

म्हणून फोड दाबू नका. हळद, तेल, मलम लावू नका. काखेत गाठ आली तर दवाखान्यात दाखवा. ऊसतोडीच्या धावपळीत बीसीजी राहिली असेल, तर बाळ वर्षाचे होण्याआधी आशाताईंना भेटा.