बदकांकडे न पाहणारी कुत्री

नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात पहाटे बसलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. काठावर गावातलं एखादं कुत्रं नुसतं आलं, तरी थापटे, तलवार बदकं, चक्रवाक सगळे माना वर करतात. ते धावत सुटलं की अख्खा थवा पाणी सोडतो. कुत्रा आला की बदकं पळणार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की नोव्हा स्कोशियाच्या नैर्ऋत्य टोकाला कुत्र्याला पाहून बदकं उलट काठाकडे पोहत येतात असं ऐकलं, तेव्हा ते स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडेना. हॅलिफॅक्सहून यारमथ साधारण ३०० किलोमीटर. ऑक्टोबर उलटत आला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपल लाल झाले होते.

या कुत्र्याचं नाव लांबलचक आहे: नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर. सगळे टोलर म्हणतात. टोलिंग म्हणजे काठावर बागडून बदकांना जवळ ओढणं. यारमथ परगण्यातल्या लिटल रिव्हर हार्बर या छोट्या वस्तीच्या आसपास ही जात घडली, म्हणून पूर्वी तिला ‘लिटल रिव्हर डक डॉग’ म्हणत. रंग कोल्ह्यासारखा तांबूस, छातीवर, पंजांवर किंवा शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, वजन १७ ते २३ किलो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत सर्रास दिसणारा लॅब्रॅडॉर याच्या दीडपट भरतो. मी ज्या बाईंकडे गेले त्या साठी ओलांडलेल्या, वडिलांपासून टोलर पाळणाऱ्या. त्यांनी त्यांचं नाव लिहू नका म्हणून सांगितलं, कुत्रीचं लिहायला हरकत नव्हती. तिचं नाव पेनी.

उजाडायच्या आत आम्ही खाडीकाठच्या लपणात जाऊन बसलो. लपण म्हणजे वाहून आलेली लाकडं आणि वाळलेलं खाजणगवत यांचा छातीइतका उंच आडोसा. ओहोटी लागली होती. चिखल आणि कुजत्या समुद्रशेवाळाचा वास नाकात बसला तो दिवसभर गेला नाही. दूर पाण्यावर ब्लॅक डक बदकांचा पुंजका तरंगत होता. बंदुकीच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडे.

बाईंनी आडोशाच्या फटीतून एक काठी भिरकावली. पाण्यात नव्हे, काठाला समांतर, उघड्या वाळूवर. पेनी सुटली. उड्या मारत, शेपटी झुलवत काठीपर्यंत गेली, ती उचलून तशीच बागडत आडोशामागे आली. पुन्हा काठी, पुन्हा पेनी. पाण्यावरून पाहणाऱ्याला काय दिसत असेल? काठावर एक तांबडं जनावर क्षणभर दिसतं, नाहीसं होतं, परत दिसतं. थोड्या वेळाने पुंजक्यातल्या दोन-तीन बदकांनी तोंडं वळवली. मग बाकीच्यांनी. मग ती खरोखरच आमच्या दिशेने पोहू लागली, माना ताठ करून, अधूनमधून आवाज काढत.

मला पुन्हा पुन्हा आठवतं ते बदकांचं येणं नाही. ती इतकी जवळ आली की त्यांच्या चोचीचा पिवळट रंग दिसत होता, आणि त्या सगळ्या वेळात पेनीने एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही. ज्या पक्ष्यांसाठी तिच्या पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या गेल्या, ते हाकेच्या अंतरावर होते, आणि तिचं लक्ष बाईंच्या हातातल्या काठीवर होतं.

बदकं का येतात? ती भुकेने येत नाहीत आणि फसूनही येत नाहीत. काठावरचा शिकारी प्राणी नजरेआड होऊ देण्यापेक्षा सुरक्षित अंतरावरून त्याच्यावर डोळा ठेवावा, अशी अनेक पक्ष्यांची रीत असते. कोल्हे याचा फायदा घेतात. एक काठावर बागडतो, बदकं बघायला जवळ येतात. फ्रेंच वसाहतीतला निकोला दनी याने १६७२ साली पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या किनाऱ्यावरच्या कोल्ह्यांची ही युक्ती लिहून ठेवली आहे, आणि कुत्र्यांनाही हेच शिकवतात असंही नोंदवलं आहे. युरोपात हीच युक्ती दुसऱ्या रूपात होती. हॉलंडमध्ये कोइकरहोंड्ये नावाचे छोटे कुत्रे बदकांना जाळीच्या बोगद्यात ओढून नेत. तिथले काही जुने बोगदे आज पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यासासाठी सोडून देण्याकरता वापरतात. हे वाचल्यापासून मला वाटत आलं आहे की या कामाचा खरा गाभा बंदुकीत नाहीच.

‘पाण्याकडे बघायचं नाही, हे तुम्ही शिकवता कसं?’ मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘मी शिकवत नाही. तिचे डोळे माझ्या हातावर असतील तरच काठी सुटते. पाण्याकडे वळले की माझा हात खाली. एवढंच.’ एवढंच म्हणाल्या खऱ्या, पण हा हात कधी खाली आणायचा याचं भान त्यांच्या अंगात चाळीस वर्षं मुरलेलं होतं. ती टोलिंगची काठी घरी कधीच हातात घेत नाहीत. अंगणात नाही, फिरायला जाताना नाही. ती फक्त किनाऱ्यावर निघते, त्यामुळे पेनीसाठी तिच्याहून मोलाचं जगात काही नसतं.

बाकीचं शिक्षण कोणत्याही रिट्रीव्हरसारखंच. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला घराच्या बोळात गुंडाळलेला मोजा फेकून आणायला लावतात, बोळ अरुंद म्हणजे घेऊन पळायला जागा नाही. मग कॅनव्हासची डमी, मग तिला बांधलेला बदकाचा पंख. पाण्याशी ओळख उन्हाळ्यात, आणि पहिल्यांदा बाई स्वतः गुडघाभर पाण्यात उतरतात. लाकडी डिकॉय, म्हणजे नकली बदकं, आधी हिरवळीवर मांडून ठेवतात, म्हणजे ते उचलायचे नाहीत हे कळतं. बंदुकीचा आवाज आधी लांबून, खेळ रंगात आलेला असताना. शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे बस, तुटक सूर म्हणजे ये. लपलेलं पाखरू हाताच्या खुणेवर शोधायला शिकवणं सगळ्यात शेवटी, आणि त्याला दुसरा हंगाम उजाडतो.

टोलरचं वेगळेपण इथे दिसतं. लॅब्रॅडॉर एकच डमी दिवसभर आणेल. टोलर पाच-सहा वेळा आणून झाल्यावर तुमच्याकडे पाहतो आणि तिथेच थांबतो. त्याला कळलेलं असतं, आता पुन्हा कशाला? म्हणून बाई धडा लहान ठेवतात आणि पिल्लाचं मन भरायच्या आत बंद करतात. रागावलेलं त्याला सहन होत नाही. डमी तोंडात धरून ठेवावी म्हणून कान चिमटायचा, विजेचा पट्टा लावायचा, असे प्रकार रिट्रीव्हरच्या जगात अजून चालतात. बाईंच्या अंगणात ते नाहीत. ‘मार खाल्लेला टोलर काठावर बागडेल का?’ त्यांनी विचारलं. मला हा युक्तिवाद पूर्ण पटला. कामाचं स्वरूपच असं आहे की कुत्र्याचा आनंद खोटा असेल तर बदकं येणार नाहीत.

पण नुसता आनंदही पुरत नाही, आणि या जातीची अवघड बाजू तीच आहे. बदकं टप्प्यात आली की बाई हलकेच बोट खाली करतात. त्या क्षणी पेनीला खेळ टाकून आडोशामागे दगडासारखं बसावं लागतं. शिकारी उठून उभा राहतो, बदकं उडतात, बार होतात, पाखरं पडतात, तरी बसून राहायचं, कुठे काय पडलं ते लक्षात ठेवायचं, आणि नाव घेतल्यावरच पाण्यात शिरायचं. एका श्वासात बागडणं आणि दुसऱ्या श्वासात थिजणं. उत्तेजित झालेला टोलर एक तीक्ष्ण, माणसाच्या किंकाळीसारखा आवाज काढतो, त्याने सगळी बदकं उठू शकतात. बाईंच्या मते निम्मं शिक्षण हा आवाज घशात ठेवण्याचं असतं.

त्या सकाळी बाईंच्या पुतण्याने गोळी झाडली. बार झाला तेव्हा माझा जीव दडपला, हे लिहायला हवं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही बंद झाली. ते योग्य झालं असं मी मानते. तरीही तिथे बसून एक गोष्ट समजली. एक बदक जखमी होऊन गवतात शिरलं. कुत्रा नसता तर ते तिथेच तडफडत राहिलं असतं. पेनी वास घेत घेत ओहोटीच्या चिखलातून गेली आणि पिसाला दात न लावता ते घेऊन आली, बाईंनी क्षणात त्याची सुटका केली. पडलेलं किंवा जखमी पाखरू तातडीने शोधून आणण्याचं बंधन कॅनडाच्या नियमांत शिकाऱ्यावर आहेच. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे तिथे १९९९ पासून देशभर बंद आहेत. शिकार होणारच असेल तर त्यातली यातना कमी करणारा हा प्राणी आहे, एवढं मी मान्य करते.

परतताना पेनी थरथरत होती. लहान अंग, गार पाणी. दुहेरी केसांचा कोट असूनही थंडी वाढली की बाई तिला रबरी जाकीट घालतात. बर्फाळ पाण्यात दिवसभर मोठी बदकं आणायची असतील तर त्या स्वतःच चेसापीक बे रिट्रीव्हर घ्या म्हणून सांगतात.

घरी कॉफी पिताना टोरोंटोहून एक फोन आला. कोणीतरी ‘तो लाल, गोड कुत्रा’ मागत होतं, लवकर हवा होता. बाईंनी शांतपणे नाही म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, ‘पंधरा. १९४५ साली केनेल क्लबने जातीला मान्यता दिली तेव्हा वहीत किती नोंदले गेले? पंधरा कुत्रे.’ हॅलिफॅक्सच्या कर्नल सिरिल कॉलवेल यांच्या खटपटीने ती मान्यता मिळाली. पुढेही बराच काळ यारमथबाहेर या कुत्र्याला कोणी विचारत नव्हतं. मग चित्र पालटलं. १९९५ मध्ये टोलर नोव्हा स्कोशिया प्रांताचा अधिकृत कुत्रा झाला, २००३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्याला पूर्ण मान्यता दिली. मागणी वाढली, पण वंशाचा पाया अरुंदच राहिला. आपल्याच शरीरावर उलटणारे प्रतिकारशक्तीचे आजार, मेंदूच्या आवरणाचा दाह, ॲडिसन रोग आणि डोळ्यांचे आनुवंशिक विकार या जातीत पाहावे लागतात. म्हणून बाई जोडी लावण्याआधी दोन्हीकडच्या पूर्वजांची वही घेऊन बसतात. मी निघेपर्यंत तो आकडा त्यांच्या तोंडून आणखी एकदा आला: ‘पंधरांवर उभं केलेलं घर आहे, भिंत काढताना विचार करायला हवा.’

पिल्लू निवडताना रंग त्या शेवटी पाहतात. आधी आईबाप काम करतात का. मग डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचण्या. मग पिल्लू नवख्या जागेत फेकलेली वस्तू घेऊन माणसाकडे येतं की कोपरा गाठतं. सगळ्यात धीट पिल्लू त्या शिकाऱ्याला देत नाहीत. ते स्वतःच्या मनाने पाण्यात झेपावतं, आणि टोलिंगला स्वतःच्या मनाने झेपावणारा कुत्रा उपयोगाचा नाही. मधल्यांपैकी जे माणसाच्या हाताकडे बघत राहतं ते त्यांना हवं असतं. ओट्यावर मांडलेल्या टोपलीत तेव्हा पेनीची नात झोपली होती. तिचं काय ठरवलंय विचारलं तर म्हणाल्या, अजून ठरवलेलं नाही, दोन आठवडे बघणार.

टोरोंटो, न्यू जर्सी किंवा सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे हल्ली टोलर दिसू लागला आहे, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहिते. ज्या घरात या कुत्र्याला रोज धावायला, पोहायला आणि डोकं लावायला काही मिळणार नाही, तिथे त्याने राहू नये. बंदूक लागत नाही, काठी आणि तुमचा वेळ लागतो. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडे आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागा, आणि त्यांना पाण्याकाठी काम करताना प्रत्यक्ष दाखवा म्हणा. त्याने टाळाटाळ केली तर रिकाम्या हाताने परत या.