संत्रा वर, जंभेरी खाली

पावसाळा तोंडावर आला की मोर्शी-वरुडकडे कलमांची बोलणी सुरू होतात. भाव काय, नर्सरी कुणाची, खुंट जंभेरीचा की रंगपूरचा. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट तर कलमांसाठीच ओळखलं जातं. तिथल्या संत्र्याच्या कलमा परराज्यांतही जातात. फळांचा भाव, आंबिया बहाराची गळ, मृगाचा ताण या विषयांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण लिंबूवर्गीय झाडांवर गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर जे संशोधन झालं, ते वाचताना मला वारंवार एकच जागा दिसत राहिली: पन्हेरीचा वाफा, म्हणजे खुंटाची रोपं वाढवतात ती जागा. बागेचं निम्मं नशीब शेतकऱ्याने कलम विकत घेण्याआधीच तिथे ठरलेलं असतं.

जंभेरीचं कूळ

संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं. वरचा फांद्यांचा डोलारा नागपुरी संत्र्याचा, खालची मुळं जंभेरीची किंवा रंगपूर लाईमची. हे जोडपं आपल्या बागाइतदारांनी आणि नर्सरीवाल्यांनी अनुभवाने जुळवलं. ते का जुळतं, याचं उत्तर जनुकशास्त्राने अलीकडे दिलं.

२०१८ साली 'नेचर' नियतकालिकात लिंबूवर्गातल्या ६० जातींच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत मिळून हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा जो पट्टा होतो, तिथे सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी हे कूळ फुटलं, असं त्यात मांडलं आहे. आज बाजारात दिसणारी बहुतेक फळं मोजक्या मूळ जातींच्या संकरातून आली: पपनस, महाळुंग आणि संत्रा हे त्यांतले मुख्य. मोसंबीत पपनस आणि संत्रा यांचं रक्त आहे. जंभेरी आणि रंगपूर लाईम या दोघांची आई संत्रावर्गातली आणि बाप महाळुंग. म्हणजे आपण संत्र्याचा डोळा भरतो तो त्याच्या निम्म्या नातलगावर. ही माहिती नुसती कौतुकाची नाही. नवा खुंट तयार करायचा, तर कोणत्या घराण्यातून कोणता गुण आणायचा हे आता अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एका बीतून तीन रोपं

जंभेरीचं बी वाफ्यात टाकलं की एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब वर येतात. नर्सरीवाल्याला याचं नवल वाटत नाही, पण वनस्पतिशास्त्राला या गोष्टीने फार काळ झुलवलं. या कोंबांतला एखादाच परागीभवनातून आलेला असतो. बाकीचे आईच्याच बीजांडातल्या पेशींपासून तयार होतात. त्यांत बापाचा अंश नसतो. ती रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात.

२०१७ मध्ये चीनमधल्या वूहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी यामागचं जनुक शोधलं. त्या जनुकाच्या तोंडाशी डीएनएचा एक लहानसा उडता तुकडा येऊन बसलेला आहे. तो असला की बीजांडाच्या पेशी स्वतःच गर्भ तयार करू लागतात; नसला की एका बीला एकच गर्भ. जपानी शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच जनुकापाशी पोचले.

वाफ्यातली हजारो पन्हेरी एकसारखी दिसते ती याचमुळे. आणि म्हणूनच पन्हेरी उपटताना फार खुजी, फार उंच, वेगळ्या पानाची रोपं फेकून देण्याची जुनी शिस्त मोलाची आहे. वेगळं दिसणारं रोप बहुधा संकरातून आलेलं असतं. त्याची मुळं कशी निघतील हे कुणालाच माहीत नसतं. दुसरी जमेची बाजू अशी की लिंबूवर्गातले बहुतेक विषाणू बियांतून पुढच्या पिढीत उतरत नाहीत. बी जमिनीत पडतं तेव्हा रोप जवळपास निर्मळच असतं. मग रोग येतो कुठून? दोन दारांनी: वाफ्याच्या मातीतून आणि भरलेल्या डोळ्यातून.

मातीचं दार

डिंक्या रोग मोर्शीला नवा नाही. खोडावर जमिनीलगत साल फाटते, डिंक ओघळतो, साल खरवडली तर आत तपकिरी. पानं पिवळी पडून गळतात, फांद्यांवर सल चढते. याचं कारण फायटोफ्थोरा. त्याला सगळे बुरशी म्हणतात, सरकारी पत्रकंही म्हणतात, पण जनुकांच्या अभ्यासाने ते नातं मोडीत काढलं. तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा चुलत भाऊ आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाटा सडवून दुष्काळ आणणारा रोगकारक याच प्रजातीतला.

शास्त्रज्ञांनी नातं बदललं, त्याने शेतकऱ्याला काय फरक पडतो? फार मोठा पडतो. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, याच्या भित्तीत सेल्युलोज. कार्बेन्डाझिमसारखं लोकप्रिय बुरशीनाशक याच्यावर चालत नाही. डिंक्या दिसला म्हणून ते आळ्यात ओतलं, तर पैसा मातीत जातो. याच्यासाठी मेटॅलॅक्झिल, फोसेटिल किंवा तांबंयुक्त औषधंच लागतात.

हा शत्रू पोहतो. माती पाण्याने भरली की त्याच्या पिशव्या फुटून सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. मुळं जी द्रव्यं सोडतात त्यांच्या मागावर ते मुळांपर्यंत पोचतात. मुळांभोवतीचा अतिशय मंद विद्युतप्रवाहही त्यांना जाणवतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पाणी आटलं की जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने ते जमिनीत कित्येक वर्षं पडून राहतात.

आता आपल्या भारी काळ्या जमिनीचा विचार करा. निचरा मंद. त्यात मोकाट पाणी दिलं की आळं दिवसभर भरलेलं. मोर्शी आणि वरुड हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी बदनाम आहेत; खोल बोअरमधून ओढलेलं पाणी खोडाशी तुंबवून आपण याच शत्रूला तलाव बांधून देतो, हे मला फार लागतं. दुहेरी आळ्याची शिफारस यासाठीच आहे: खोडाभोवतीचं आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावतात ते याच कारणाने. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

पण रोगट मातीतली पन्हेरी आणली असेल, तर हे सगळं उशिरा केलेलं काम ठरतं. वर्षानुवर्षं त्याच वाफ्यात पन्हेरी घेतली की फायटोफ्थोरा तिथे मुक्कामाला येतो आणि कलमेच्या मुळांशी असलेल्या मातीच्या गोळ्यातून नव्या शेतात उतरतो. म्हणून उन्हाने तापवून निर्जंतुक केलेली माती पिशवीत भरून, पिशव्या जमिनीपासून उंच ठेवून कलमा वाढवायची पद्धत आली. अशी कलम महाग पडते. तरी ती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोळ्याचं दार

दुसरा रोग ग्रीनिंग. चिनी भाषेत हुआंगलाँगबिंग, म्हणजे पिवळ्या शेंड्याचा रोग. पानाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा जीवाणू तो घडवतो आणि सिट्रस सायला नावाची इवलीशी कीड तो झाडोझाडी नेते. ही कीड अंगणातल्या कढीपत्त्यावरही वाढते. रोगट झाडाचा डोळा घेतला, तर कलम रोग घेऊनच जन्माला येते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. १९९७-९८ च्या हंगामात तिथे संत्रावर्गीय फळांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघत होत्या. २०२४-२५ मध्ये त्या सव्वा कोटीच्याही खाली आल्या. वादळांचाही त्यात हात आहे, पण कणा मोडला तो ग्रीनिंगने.

२०२२ मध्ये फ्लोरिडातल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की जीवाणूपेक्षा झाडाची स्वतःची अतिरेकी प्रतिकारक्रियाच अन्नवाहिन्या मारते. २०२५ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या गटाने 'सायन्स'मध्ये पुढचा टप्पा मांडला: झाडाचं एक संरक्षक प्रथिन तोडणारं दुसरं प्रथिन त्यांनी ओळखलं आणि ते रोखणारी लहान प्रथिनसाखळी तयार केली. हे औषध आपल्या दुकानात यायला वेळ आहे. तोवर पान पाहायला शिकणं हाती आहे. जस्ताची कमतरता असेल तर शिरांमधला पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डावी बाजू एक, उजवी वेगळी, डाग विस्कळीत. खात्री करायची तर पीसीआर चाचणी, कोविडच्या वेळी आपण सगळ्यांनी जिचं नाव ऐकलं तीच पद्धत.

निर्मळ डोळा कसा मिळवतात? वाढत्या शेंड्याचं अगदी टोक, साधारण ०.२ मिलिमीटरचं, सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतल्या रोपावर बसवतात. त्या टोकापर्यंत रोगजंतू बहुधा पोचलेले नसतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लीन प्लांट' कार्यक्रम मंजूर केला. महाराष्ट्रात द्राक्षासाठी पुणे, डाळिंबासाठी सोलापूर आणि संत्र्यासाठी नागपूर ही ठिकाणं ठरली.

कलम घेताना

पिशवी थोडी फाडून मुळं पाहू द्या, असं नर्सरीत स्पष्ट सांगा. तंतुमुळं पांढरट आणि भरघोस हवीत. तपकिरी असतील आणि चिमटीत धरताच साल सुटून येत असेल, तर ती कलम नको. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरलेला असावा. कारण संत्र्याची साल डिंक्याला बळी पडते, आणि जोड मातीत गेला की ती साल थेट ओल्या मातीला टेकते. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, त्याची चाचणी कधी झाली, हे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

लावताना खड्डा भरून माती थोडी उंचच ठेवा. दोन-तीन जोरदार पावसांनंतर माती बसते आणि कलम तिच्यासोबत खाली जाते. तेव्हा बागेत परत एक फेरी मारा, आणि जोड मातीने झाकला गेला असेल तिथे ती हाताने बाजूला सारा.