मिसिंगचा माग : आधी ठिणगी, मग पेट्रोल

जुनी फटफटी : लेखांक ७

गेल्या आठवड्यात किक मारूनही सुरूच न होणाऱ्या इंजिनाचा विचार केला. आज सुरू होणाऱ्या, पण मिसिंग मारणाऱ्या गाडीबद्दल. जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत चालता चालता अडखळू लागली की पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. त्याचं कारण सोपं आहे: कार्बोरेटर बाहेरच असतो, चटकन उघडतो आणि उघडला की कचरा हमखास सापडतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या टाकीखालच्या फ्लोटच्या वाटीत थोडा गाळ असणारच. तो धडधाकट चालणाऱ्या गाडीतही असतो. पण गाळ दिसला म्हणजे चोर सापडला असं वाटतं. त्यातून सफाई होईपर्यंत अर्धा तास जातो, तेवढ्यात इंजिन थंड होतं, ओली वायर सुकते आणि गाडी नीट चालू लागते. श्रेय कार्बोरेटरच्या सफाईला मिळतं आणि दोष जिथल्या तिथे राहतो. म्हणून मुद्दा असा की मिसिंगचा तपास 'काय सापडलं' यावरून करू नये, 'केव्हा होतं' यावरून करावा. आणि वसई-विरारच्या किनारपट्टीवर तो ठिणगीपासून सुरू करावा.

याला आधार इथल्या हवेचा आहे. अर्नाळा, राजोडी, भुईगावपासून थेट वसई गावापर्यंत खारा वारा वर्षभर वाहतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल हटत नाही. खारट ओलीचा पहिला मार विजेच्या जोडांवर बसतो: बॅटरीचे टर्मिनल, इग्निशन स्विच, फ्रेमला कसलेली अर्थची वायर. जुन्या जावाची वीज सहा व्होल्टची. गंजलेल्या जोडांत एक व्होल्ट वाया गेला तर सहावा हिस्सा गेला. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढाच एक व्होल्ट गेला तर बारावा हिस्सा जातो. हे मोजता येतं. पॉइंट मिटलेले ठेवून स्विच चालू करावा आणि मीटरने बॅटरीवरचे व्होल्ट व कॉइलवरचे व्होल्ट ताडून पाहावेत. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल तर कार्बोरेटरचे जेट काढण्याआधी पॉलिश पेपर हातात घ्यावा.

आता 'केव्हा'चा अर्थ पाहू. पावसात किंवा पहाटेच्या दवात गाडी अडखळते आणि ऊन पडल्यावर सुधारते, तर संशय प्लगच्या कॅपवर आणि कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या एचटी वायरवर. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. वसई फाट्यापासून विरार फाट्यापर्यंत महामार्गावरच्या कोंडीत गाडी तापली की मिसिंग सुरू होतं आणि थांबून थंड झाल्यावर जातं, तर कंडेन्सर किंवा कॉइल. मात्र टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तरी काही अंतरानंतर गाडी अशीच बसते. तेव्हा झाकण उघडावं. लगेच सुधारली तर दोष छिद्राचा. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की धक्के बसतात, तेव्हा दोन्ही शक्यता असतात. ठिणगी चुकली तर झटका तत्काळ आणि तुटक बसतो. पेट्रोल कमी पडत असेल तर वाटी रिकामी होईपर्यंत काही क्षण गाडी बरी चालते, मग हळूहळू दम सोडते. चोक किंचित ओढून सुधारणा झाली तर पेट्रोलचा दोष धरावा, काहीच फरक पडला नाही तर ठिणगीचा.

पॉइंटचं झाकण उघडल्यावर पुरावा समोरच असतो. बुलेटमध्ये पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं असतं. कॅमवर घासणारी टाच झिजते, तसं हे अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे पडतं. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठ्या निळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला आहे. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रवाह सामावून घेणं हे त्याचं काम. ते झालं नाही तर कॉइलची ताकद प्लगपर्यंत न जाता पॉइंटवरच जळते. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला तर कंडेन्सर त्या कॉइलला जुळणारा नाही. असे पॉइंट नुसते घासून बसवले की थोड्याच दिवसांत पुन्हा तीच अवस्था होते.

यावर गॅरेजमधला नेहमीचा आक्षेप असतो: "प्लग काढून बघितला, स्पार्क येतोय की!" येतो, पण मोकळ्या हवेत. इंजिनात तीच ठिणगी कित्येक पट दाबलेल्या मिश्रणातून उडी मारते आणि दाब वाढला की उडीला लागणारे व्होल्टही वाढतात. त्यामुळे हेडवर टेकवलेल्या प्लगवर बारीक, पिवळसर ठिणगी दिसली तर तिच्यावर विसंबू नये. कडकड वाजणारी निळी ठिणगी हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, मग इंधनाला आधी का धरू नये? इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. जुने रबरी भाग फुगतात, टाकीतला गंज सुटतो. हे सगळं खरं. पण पातळ मिश्रण सोमवारी त्रास देऊन मंगळवारी गप्प बसत नाही. पिकअप घेताना रोज तीच अडखळ आणि पांढरट प्लग, अशी त्याची खूण सातत्याची असते. येणारं-जाणारं मिसिंग बहुधा विजेचंच. अपवाद सांगायलाच हवा: टू-स्ट्रोक जावा-येझदीत क्रँकचं ऑइल सील फुटलं तर बाहेरची हवा आत येते. आयडलिंगला गाडी आपोआप रेस होऊ लागली तर संशय आधी सीलवर घ्यावा. उलट, टू-स्ट्रोक आयडलिंगला एक आड एक पेटते ते पुष्कळदा मिसिंग नसतंच.

मग सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून पॉइंट-कंडेन्सरची कटकट संपवावी का? रोज गाडी वापरणाऱ्याला ते सोयीचं आहे. पण किटलाही तीच बॅटरी, तोच स्विच, तीच अर्थ लागते. गंज तिथे असेल तर नवं किटही अडखळणार. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करताना मूळ रूप जपण्याची अट आहे. त्यामुळे काढलेले भाग भंगारात देऊ नयेत. जोड, पॉइंट, कंडेन्सर, वायर, प्लग या क्रमाने तपास करून दोष सापडला नाही, तर मात्र कार्बोरेटर खुशाल उघडावा. तेव्हा त्यात सापडलेल्या गाळाला पुराव्याची किंमत येईल. त्याचे जेट आणि फ्लोट पुढच्या आठवड्यात.