बिल ज्याचं, कालवा त्याचा

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला परदेशात नेलं, तरी तो देखावे बघत नाही, चाऱ्या बघतो. माझा मुलगा अमेरिकेत पॅस्को गावाला असतो. वॉशिंग्टन राज्याचा हा कोरडा पूर्व भाग. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या एका अंगाला बटाटा, मका, लसूणघास आणि सफरचंदाच्या बागा, तर दुसऱ्या अंगाला राखी रंगाची खुरटी झुडपं. दोन्हींच्या मधे एक कालवा. वर्षाचा पाऊस सहा ते दहा इंच, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. इथली शेती पूर्णपणे कालव्यावर उभी आहे.

या पाण्याचं मूळ ग्रँड कुली धरणात. 1933 साली त्याचं काम सुरू झालं आणि 1942 साली संपलं. कोलंबिया नदीचं पाणी पंपांनी सुमारे 280 फूट वर चढवून बँक्स लेक नावाच्या साठवण तलावात सोडतात. तिथून ते मुख्य कालव्यात आणि पुढे फाट्यांत जातं. 1952 पासून या वाटेनं पाणी वाहतंय आणि आज सुमारे 6 लाख 70 हजार एकर भिजतं. हे सगळं बांधलं ब्युरो ऑफ रिक्लमेशननं, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या पाटबंधारे खात्यानं.

त्या खात्यानं 1969 साली आपले बहुतेक कालवे, चाऱ्या आणि निचऱ्याचे चर चालवायला शेतकऱ्यांच्या तीन संस्थांकडे दिले. क्विन्सी, पूर्व आणि दक्षिण अशी या तीन इरिगेशन डिस्ट्रिक्टांची नावं. 1994 साली मार्क स्वेंडसन आणि डग्लस व्हर्मिलियन या अभ्यासकांनी या हस्तांतराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो इतर देशांना काही शिकता यावं म्हणूनच. निवृत्तीनंतर तो मी वाचला होता. आता प्रत्यक्ष बघायला मिळालं.

मुलाच्या ओळखीनं एका बटाटेवाल्या शेतकऱ्याकडे गेलो. पहिला प्रश्न सवयीनं विचारला, ‘पाणी वेळेवर येतं का?’ त्यानं उत्तराऐवजी वार्षिक पट्टीचा कागद पुढे केला. एकरी ठरलेलं पाणी, त्याची ठरलेली पट्टी. पाणी घ्या वा न घ्या, ती भरायचीच, तीही हंगामाआधी. थकबाकीदाराला पाणी नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेतलं तर त्याचे पैसे वेगळे. पाणी हवं असेल तर आदल्या दिवशी कळवायचं. मग डिच रायडर, म्हणजे तिथला पाटकरी, गाडीतून येऊन दार उघडतो आणि मोजून पाणी देतो. या पाटकऱ्याचा पगार शेतकऱ्याच्या पट्टीतून होतो आणि त्याला नेमतं शेतकऱ्यांनी निवडलेलं संचालक मंडळ. काम नीट झालं नाही, तर तक्रार मंत्रालयात जात नाही. ती त्याच तालुक्यात शेती करणाऱ्या संचालकाच्या दारात जाते.

ही व्यवस्था सरकारच्या उदारपणातून आलेली नाही. तीनही संस्था 1939 साली, धरण पुरं व्हायच्या आधीच, स्थापन झाल्या होत्या. 1945 मध्ये त्यांनी सरकारशी करार केला. त्यानुसार बांधकामाच्या खर्चापोटी एकरी 85 डॉलर बिनव्याजी हप्त्यांनी फेडायचे होते. खर्चाचा फार मोठा वाटा धरणाच्या विजेतून भागणार होता, पण कालवे चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च पहिल्यापासून शेतकऱ्यांवरच होता. पुढे जमिनी पाणथळ होऊ लागल्या, मैलोन्‌मैल चर खणावे लागले, आणि त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावरून खटके उडाले. खर्च खातं करतं आणि बिल आपण भरतो, तर मग खर्च आपणच का करू नये, असा शेतकऱ्यांचा हिशेब होता. डिसेंबर 1968 मध्ये सुधारित करार झाले आणि पुढच्या वर्षी कारभार हातात आला.

सरकार मात्र बाजूला झालं नाही. धरण, पंप, बँक्स लेक आणि खालचा पॉटहोल्स तलाव खात्यानं आपल्याकडेच ठेवले. कालव्यांची मालकीही सरकारचीच राहिली. हा पॉटहोल्स मला फार आवडला. वरच्या भागातल्या शेतांतून निचरलेलं पाणी त्यात गोळा होतं आणि तेच खालच्या दक्षिण संस्थेला मिळतं. शिराच्या शेतकऱ्यानं सोडलेलं पाणी पुच्छाच्या शेतकऱ्याचं भांडवल होतं. असा तलाव तीनपैकी एका संस्थेच्या ताब्यात गेला असता, तर भांडण अटळ होतं.

कारभार आल्यावर संस्थांनी स्वतःची यंत्रसामग्री घेतली. पाणी साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतं, त्यामुळे हिवाळ्यात कालवे कोरडे असताना दुरुस्त्या होतात. कालव्यांच्या धबधब्यांवर छोटी वीजकेंद्रं उभी राहिली. तिथली वीज सिअ‍ॅटल आणि टॅकोमा शहरांना विकली आणि ते उत्पन्न पट्टी आटोक्यात ठेवायला वापरलं. सरकारी अंदाजपत्रकाची वाट बघणाऱ्या शाखेला असं सुचलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

चित्राची दुसरी बाजूही आहे. या धरणानं केटल फॉल्स हा कोलंबियावरचा प्रसिद्ध धबधबा बुडवला. कोलव्हिल आणि इतर आदिवासी जमाती तिथे पिढ्यान्‌पिढ्या सामन मासे पकडत. तो मासा वर येईनासाच झाला. शेतकऱ्यांच्या हाती कालवा आला तेव्हा त्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. पूर्वेकडच्या ओडेसा भागात तर कालवा पोचलाच नाही. तिथे विहिरी खोल खोल जात राहिल्या आणि आता कुठे कालव्याचं पाणी त्यांच्यापर्यंत नेण्याची कामं चालली आहेत. संस्था आपल्या सभासदांची काळजी घेते. कुंपणाबाहेरच्यांचं काय, हे सरकारलाच बघावं लागतं.

आता आशियाकडे वळू. फिलिपीन्सनं 1970च्या दशकात शेतकऱ्यांना बरोबर घेऊन कालवे चालवण्याचे धडे जगाला दिले. तिथल्या खात्याचा खर्च पट्टीतून निघायचा, म्हणून शेतकऱ्याला विचारणं खात्यालाच भाग होतं. 2018 मध्ये कायद्यानं आठ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांची पट्टी माफ झाली. लहान शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरंच, पण हिशेब मागण्याचा त्याचा हक्कही सैल झाला. आंध्र प्रदेशानं 1997 साली कायदा करून दहा हजारांवर पाणीवापर संस्था एका दमात उभ्या केल्या. निवडणुका झाल्या, पट्टी मात्र सरकारकडेच जमा होत राहिली. वाटणीत धाकट्याला घर दिलं आणि गल्ल्याची किल्ली थोरल्यानंच ठेवली, असा तो प्रकार.

महाराष्ट्राचा 2005चा कायदा कागदावर याहून चांगला आहे. पाणी घनमापन पद्धतीनं मोजून संस्थेला द्यायचं, सभासदांचे दर संस्थेनं ठरवायचे, संचालक मंडळात शिर, मध्य आणि पुच्छ तिघांनाही सारख्या जागा. मी नोकरीत असताना एका कालव्यावर अशा संस्थांची नोंदणी होताना पाहिली. ठराव झाले, पाट्या लागल्या, पण चारीच्या तोंडाशी मोजणी नीट नव्हती आणि डोंगळे, म्हणजे चोरट्या नळ्या, टाकून पाणी उचलणाऱ्यांना अडवायची ताकद संस्थेत नव्हती. जे मोजलं जात नाही त्याची पट्टी कोण भरणार?

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर वेगळं घडलं, कारण मागणी खालून आली. 1990च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पुच्छाकडच्या शेतकऱ्यांना एकत्र केलं. त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं, म्हणून गमावण्यासारखं काही नव्हतं. तीन संस्थांपासून सुरुवात झाली, पुढे चोवीस झाल्या आणि सगळ्या कालव्यांचा कारभार त्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आला. मोजून मिळालेलं पाणी वाचवलं तर ते आपलंच राहतं, हे कळल्यावर द्राक्षवाले ठिबककडे वळले.

पॅस्को आणि दिंडोरीत भाषा, जमिनीचा आकार, पैसा सगळं वेगळं. तिथल्या शेतकऱ्याच्या मागे स्वस्त वीज आणि मोठी जमीन आहे, आपल्याकडे दोन एकरवाले शेकड्यांनी. म्हणून तिथली पट्टी इथे लावा असं मी म्हणणार नाही. पण गावात पाणीवापर संस्थेची सभा लागली, तर सह्या करण्याआधी तीन गोष्टी विचारा. चारीच्या तोंडाशी पाणी मोजलं जाणार का? गोळा केलेल्या पट्टीतला किती भाग संस्थेकडे राहणार? आणि पाटकरी कोणाचं ऐकणार? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तरच कारभार घ्या. नाहीतर दुरुस्तीची जबाबदारी तेवढी तुमच्या गळ्यात पडेल आणि पाणी होतं तिथेच राहील.